खोट्या चिठ्ठीने हरवलेला, खऱ्या नोंदींनी सापडलेला रानपिंगळा

धारूर : हिवाळा सुरू झाला, की बालाघाटच्या डोंगररांगेत पाहुण्या पक्ष्यांची ये-जा वाढते. ज्वारी हुरड्यात आली, की भोरड्यांचे थवे शेतावर उतरतात आणि राखणदारांच्या गोफणी फिरू लागतात. माळरानावर भोवत्या जमिनीलगत घिरट्या घालताना दिसतात. धरणांच्या उथळ पाण्यावर बदके येतात. गळ्यात दुर्बीण अडकवून पहाटे बाहेर पडणाऱ्या हौशी निरीक्षकांची संख्याही याच दिवसांत वाढते. दूरदेशीच्या या पाहुण्यांचे कौतुक होत असताना एक बारमाही रहिवासी मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. पडक्या वाड्याच्या भिंतीतील भोकात, वडा-पिंपळाच्या ढोलीत राहणारा आणि तिन्हीसांजेला चिरक्या आवाजात भांडणारा हा पक्षी म्हणजे पिंगळा. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन, कुडमुडे वाजवीत दारोदार फिरणाऱ्या पिंगळा जोशाने याच पक्ष्याचे नाव घेतले आहे. त्याला पिंगळ्याची भाषा कळते, अशी लोकांची श्रद्धा आहे.

या सर्वपरिचित पिंगळ्याचा एक अतिशय दुर्मिळ भाऊबंद महाराष्ट्रात आहे. त्याचे नाव रानपिंगळा. त्याचा अधिवास धारूरपासून बराच दूर, प्रामुख्याने सातपुड्याच्या जंगलात आहे. तब्बल ११३ वर्षे हा पक्षी कोणाही अभ्यासकाला खात्रीने दिसला नव्हता आणि तो नामशेष झाला असावा, असा समज दृढ होत चालला होता. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि जगभरच्या पक्षिनिरीक्षकांचे लक्ष खानदेशाकडे वळले. त्याच्या हरवण्यामागे आणि सापडण्यामागे जे घडले, ते केवळ एका घुबडापुरते मर्यादित नाही. पक्ष्याची नोंद करताना लिहिलेले ठिकाण आणि तारीख यांना किती मोल असते, हे त्यातून कळते.

पहिली ओळख

डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगड राज्यात असलेल्या फुलझरच्या परिसरात एक लहान घुबड टिपले. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास मुख्यतः बंदुकीनेच होत असे. मारलेल्या पक्ष्याची कातडी सोलून त्यात कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधून तिच्यावर ठिकाण, तारीख व गोळा करणाऱ्याचे नाव लिहायचे, अशी पद्धत होती. ब्लेविट यांचा नमुना ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्या हाती पडला. पुढे १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. ब्रिटिश सरकारच्या मुलकी सेवेतील हे अधिकारी त्या काळातील भारतीय पक्षिशास्त्राचे अग्रणी होते. हे घुबड नेहमीच्या पिंगळ्याहून वेगळे आहे, हे त्यांनी ओळखले. १८७३ मध्ये आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ब्लेविट यांच्या सन्मानार्थ ‘ब्लेविटी’ हे जातिवाचक नाव दिले.

यानंतर १८७७ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना आजच्या ओडिशातील खरियारच्या परिसरात आणखी एक नमुना मिळाला. मात्र सर्वाधिक नमुने खानदेशातून आले. मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतील अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० ते १८८४ या काळात शहादा व तळोदा भागात हा पक्षी गोळा केला. शेवटची खरी नोंद १८८४ सालची. पुढे जगभरातील संग्रहालयांत मिळून रानपिंगळ्याचे अवघे सात नमुने उरले. त्याचे घरटे, त्याचा आवाज, तो काय खातो, दिवसा हिंडतो की रात्री, यांपैकी कशाचीही माहिती शास्त्राकडे नव्हती. होत्या त्या कापूस भरलेल्या सात कातड्या आणि त्यांच्या पायांच्या सात चिठ्ठ्या.

सातव्या चिठ्ठीचे गूढ

या सातांपैकी एका चिठ्ठीने पुढच्या शोधाची दिशाच बिघडवली. तिच्यावर १९१४ हे साल आणि मांडवी हे ठिकाण होते. ही मांडवी कच्छमधील बंदर नव्हे, तर सुरत जिल्ह्यातील तापीकाठचे गाव. नमुना गोळा करणाऱ्याचे नाव होते कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. ब्रिटिश सैन्यातील अधिकारी, हेर, शिकारी आणि पक्षिसंग्राहक अशी त्यांची ख्याती होती. १९५४ मध्ये त्यांनी सुमारे वीस हजार पक्ष्यांच्या कातड्यांचा आपला संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिला. एवढ्या मोठ्या नावावर संशय घेण्याचे कारण कोणाला दिसत नव्हते. त्यामुळे रानपिंगळ्याची अखेरची नोंद १८८४ ची खानदेशातील नसून १९१४ ची गुजरातेतील आहे, असेच सर्व ग्रंथांत छापले जाऊ लागले.

याचा परिणाम उघड होता. हरवलेला पक्षी शोधणारा अभ्यासक सर्वांत आधी त्याच्या अखेरच्या ठिकाणी जातो. रानपिंगळ्याच्या बाबतीत हे अखेरचे ठिकाणच खोटे होते. विसाव्या शतकात भारतीय उपखंडातील पक्ष्यांवर सर्वांत अधिकारवाणीने लिहिणाऱ्या डॉ. सलीम अली आणि एस. डिलन रिप्ले या जोडीलाही हा पक्षी निसर्गात कधी दिसला नाही. रिप्ले यांनी १९७६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या घुबडाचा फेरविचार करणारा लेख लिहिला. पण पक्षी काही सापडला नाही.

माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहाविषयी कुजबुज जुनीच होती. परवानगीशिवाय नमुने बाहेर नेल्यावरून म्युझियमच्या पक्षिदालनात त्यांना काही काळ प्रवेशबंदीही झाली होती. त्यांचे निधन १९६७ मध्ये झाले. १९९३ मध्ये ॲलन नॉक्स या पक्षिशास्त्रज्ञाने त्यांच्या संग्रहातील काही नमुने मुळात इतरांचे असून चिठ्ठ्या बदलून स्वतःच्या नावावर घातलेले आहेत, असे दाखवून दिले. त्या सुमारास अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेत पामेला रासमुसेन या दक्षिण आशियातील पक्ष्यांच्या नव्या मार्गदर्शक ग्रंथावर काम करीत होत्या. त्या ग्रंथासाठी प्रत्येक जातीचे नमुने पुन्हा तपासणे भाग होते. माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील भारतीय पक्ष्यांवर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न त्यामुळे आपसूकच त्यांच्यापुढे आला.

पक्ष्याची कातडी तयार करण्याची प्रत्येक संग्राहकाची स्वतःची रीत असते. कापूस किती आणि कोठे भरायचा, पंख कसे बांधायचे, टाके कसे घालायचे, यावरून तो हात ओळखू येतो. जाणकाराला शिंप्याच्या टाक्यावरून शिंपी कळावा, तसाच हा प्रकार. मांडवीच्या म्हटल्या जाणाऱ्या घुबडाची बारकाईने आणि क्ष-किरणांच्या साह्याने तपासणी झाली. तेव्हा आतील काम डेव्हिडसन यांच्या पद्धतीचे असून तो नमुना नंतर पुन्हा उसवून नव्याने भरल्याच्या खुणा आढळल्या. निष्कर्ष स्पष्ट होता. डेव्हिडसन यांनी खानदेशात गोळा केलेला पक्षीच म्युझियममधून चोरून, त्याला नवे रूप आणि नवी चिठ्ठी देऊन माइनर्ट्झहागेन यांनी स्वतःच्या नावावर केला होता. रासमुसेन आणि निगेल कॉलर यांनी ही सर्व तपासणी १९९९ मध्ये ‘आयबिस’ या ब्रिटिश नियतकालिकात सविस्तर प्रसिद्ध केली.

मांडवी वगळल्यावर उरली ती एकोणिसाव्या शतकातील जुनी ठिकाणे : पूर्वेकडे फुलझर व खरियार आणि पश्चिमेकडे शहादा-तळोदा. खोटी चिठ्ठी बाजूला काढताच शोधाचा नकाशा साफ झाला.

शहाद्याची सकाळ

नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, अमेरिकी पक्षितज्ज्ञ बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे भारतात आले. त्यांनी आधी पूर्वेकडील जुन्या ठिकाणी शोध घेतला. तेथे हाती काही लागले नाही. मग ते शहाद्याला पोहोचले. त्या वेळी शहादा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. डेव्हिडसन यांच्या काळात जेथे जंगल होते, त्यातील सपाट भाग एव्हाना शेतीखाली गेला होता. त्यामुळे शोध सातपुड्याच्या पायथ्याकडील टेकड्यांत घ्यावा लागला.

२५ नोव्हेंबरच्या सकाळी निष्पर्ण झाडाच्या फांदीवर एक लहान, जाडजूड घुबड उन्हात बसलेले बेन किंग यांना दिसले. माथ्यावर ठिपके नाहीत, छातीवर तपकिरी पट्टा, पोट पांढरे आणि पायांवर दाट पांढरी पिसे. संग्रहालयांत तासन् तास पाहिलेल्या नमुन्यांची प्रत्येक खूण समोर जिवंत होती. या तिघांनी त्याचे चित्रण केले, छायाचित्रे घेतली, वर्तनाची टिपणे केली. गोळी झाडली नाही, कातडी सोलली नाही. पुढील वर्षी किंग आणि रासमुसेन यांनी या शोधाचा वृत्तांत ‘फोर्कटेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

भारतात हरवलेला पक्षी सापडण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. जानेवारी १९८६ मध्ये आंध्र प्रदेशातील कडप्पा भागात ‘जेर्डनचा धाविक’ हा पक्षी अनेक दशकांनंतर पुन्हा मिळाला होता. त्या वेळी स्थानिक पारध्याच्या माहितीने शोध यशस्वी झाला. शहाद्याला मात्र वाट दाखवली ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका अधिकाऱ्याने प्रामाणिकपणे लिहिलेल्या चिठ्ठ्यांनी. डेव्हिडसन यांनी त्या वेळी नुसते ‘खानदेश’ एवढेच लिहिले असते, किंवा त्यांच्या खऱ्या चिठ्ठ्याही नाहीशा झाल्या असत्या, तर या पथकाला शहाद्याला यायचे कारणच उरले नसते.

ओळख पटवताना

रानपिंगळा आणि नेहमीचा ठिपकेदार पिंगळा यांत गल्लत होणे स्वाभाविक आहे. दोघांच्या आकारात फारसा फरक नाही. पिंगळा सुमारे २१ सेंटीमीटर, तर रानपिंगळा सुमारे २३ सेंटीमीटर लांबीचा असतो. रानपिंगळ्याला पूर्वी स्वतंत्र कुळीत ठेवले जाई. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने मात्र तो पिंगळ्याच्याच ‘अथेनी’ कुळीत मोडतो, असे दाखवले. म्हणजे ‘भाऊबंद’ हा शब्द शास्त्रीय अर्थानेही योग्य ठरतो. दोघांतील फरक पुढीलप्रमाणे सांगता येतात :

माथा : पिंगळ्याच्या माथ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाट पेरणी असते. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ एकरंगी करडा-तपकिरी असतो. ठिपके असलेच तर अगदी पुसट.

छाती व पोट : पिंगळ्याच्या पोटावर तपकिरी ठिपके विखुरलेले दिसतात. रानपिंगळ्याची छाती भरीव तपकिरी असून पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा असतो.

पंख व शेपटी : रानपिंगळ्याच्या पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टे रुंद व ठळक असतात. पिंगळ्याचे पट्टे अरुंद असतात.

डोके, चोच व पाय : रानपिंगळ्याचे डोके शरीराच्या मानाने मोठे, चोच व नख्या दणकट आणि पायांवर दाट पांढरी पिसे असतात.

आवाज : पिंगळ्याची चिरकी, भांडखोर किलबिल सर्वांच्या कानांवरची आहे. रानपिंगळ्याची साद त्यामानाने मऊ व गोलसर असते. धोका जाणवल्यास तो तीक्ष्ण चीत्कारही काढतो.

यांपैकी एकाच खुणेवर विसंबून निर्णय करू नये, असे जाणकार सांगतात. उन्हाचा कोन बदलला, की ठिपके दिसेनासे होतात आणि दुर्मिळ पक्षी दिसावा ही इच्छा डोळ्यांना फसवते.

हिवाळाच का?

रानपिंगळा स्थलांतर करीत नाही; तो बाराही महिने आपल्याच जंगलात राहतो. तरीही त्याला पाहण्यासाठी येणाऱ्यांची वर्दळ हिवाळ्यात असते. याचे पहिले कारण जंगलाच्या रूपात आहे. साग आणि सालई यांचे प्राबल्य असलेले विरळ, कोरडे पानझडी जंगल हा त्याचा आवडता अधिवास. पावसाळ्यात सागाची रुंद पाने सारे काही झाकून टाकतात. हिवाळा सरत जाईल तशी पानगळ होते आणि उघड्या फांदीवर बसलेला पक्षी दुरूनही दिसू लागतो.

दुसरे कारण त्याच्या दिनचर्येत आहे. घुबड म्हणजे निशाचर, हा समज येथे लागू पडत नाही. रानपिंगळा दिवसाही मोकळेपणाने वावरतो. थंडीच्या सकाळी तो झाडाच्या शेंड्याजवळ उन्हाला बसतो आणि तेथूनच खालच्या जमिनीवर नजर ठेवतो. भक्ष्य दिसताच झेप घेतो. शेपटी डावी-उजवीकडे झटकण्याची त्याची सवय निरीक्षकांच्या लगेच लक्षात येते. त्याच्या आहाराच्या अभ्यासात सुमारे साठ टक्के वाटा सरड्यांसारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांचा आढळला. त्याखालोखाल उंदीर, आणि उरलेल्यात कीटक, बेडूक व क्वचित लहान पक्षी.

तिसरे कारण विणीच्या हंगामाचे. हा हंगाम ऑक्टोबर ते मे असा लांबलचक असून नर-मादीचे प्रियाराधन जानेवारी-फेब्रुवारीत ऐन भरात असते. या काळात साद-प्रतिसाद वाढतात आणि पक्ष्याचा ठावठिकाणा लागतो. घरटे झाडाच्या नैसर्गिक ढोलीत असते. मादी बहुधा दोन अंडी घालते. पिल्ले साधारण महिन्याभराने ढोलीबाहेर पडतात. जुनी, ढोली असलेली झाडे नसतील तर वीणही होऊ शकत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. लाकडाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरवून तोडले जाणारे पोकळ झाड या पक्ष्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असते.

आज कोठे आणि किती?

पुनर्शोधानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे फराह इश्तियाक आणि डॉ. असद रहमानी यांनी सर्वेक्षण हाती घेतले. चौदा वनक्षेत्रे पालथी घातल्यावर उत्तर महाराष्ट्र आणि नैर्ऋत्य मध्य प्रदेशातील चार ठिकाणी मिळून २५ रानपिंगळे आढळले. तळोदा व तोरणमाळच्या जोडीला मेळघाटचे नाव प्रथमच नकाशावर आले. त्यानंतर गिरीश जठार आदी अभ्यासकांनी सातपुड्यात काम पुढे नेले. पुण्याच्या प्राची मेहता, जयंत कुलकर्णी व सहकाऱ्यांनी मध्य भारतात सर्वेक्षण केले. मेळघाट व्याघ्र प्रकल्प हा या पक्ष्याचा सर्वांत भक्कम आसरा असल्याचे या अभ्यासांतून पुढे आले. जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य, मध्य प्रदेशातील खंडवा व बुऱ्हाणपूरचे जंगल येथेही तो नोंदला गेला.

२०१४ मध्ये आणखी एक आश्चर्य घडले. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाभोवतीच्या अभयारण्यात रानपिंगळा आढळला. सातपुड्यापासून दूर, सह्याद्रीच्या उत्तर भागातील ही नोंद अभ्यासकांनाही अनपेक्षित होती. महानगरापासून काही तासांच्या अंतरावरील जंगलात हा पक्षी आजवर लक्षात न येता राहिला, ही बाब पुरेशी बोलकी आहे. त्याच सुमारास गुजरातच्या डांग भागातील पूर्णा अभयारण्यातूनही नोंद झाली.

नवी ठिकाणे सापडल्यामुळे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१८ मध्ये रानपिंगळ्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ असा बदलला. ही बढती दिलासा देणारी असली, तरी तिचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. पक्षी वाढले म्हणून दर्जा बदललेला नाही. पूर्वी ठाऊक नसलेले पक्षी कळले म्हणून बदलला. त्या मूल्यमापनानुसार जगातील प्रौढ रानपिंगळ्यांची संख्या २५० ते १,००० च्या दरम्यान मानली गेली आणि तीही घटत असल्याचे नमूद झाले. हा पक्षी भारताबाहेर कोठेही आढळत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. म्हणजे वाघाला जे कायदेशीर संरक्षण, तेच याला.

दर्शनाची किंमत

पक्षी सापडला, ही बातमी जेवढी आनंदाची तेवढीच जोखमीचीही ठरली. मोठ्या कॅमेऱ्यांच्या जोडीला पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आल्यापासून दुर्मिळ पक्षी ‘बोलावून’ छायाचित्र काढण्याची प्रथा रुजली. आवाज ऐकून नराला वाटते, की आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला आहे. तो शिकार सोडून, घरटे सोडून त्याचा माग काढत येतो. सर्वेक्षणासाठी अभ्यासकही आवाजाचा उपयोग करतात. परंतु तो ठरावीक वेळ, ठरावीक अंतराने आणि वन विभागाच्या परवानगीने. विणीच्या हंगामात दर सुटीच्या दिवशी, दर गटाने तोच प्रयोग त्याच जोडीवर केला, तर पिल्लांच्या वाट्याला उपासमार येते.

अर्थात, पर्यटक हे मुख्य संकट नव्हे. मूळ प्रश्न जंगलाचा आहे. शेतीसाठी होणारी तोड, वणवे, जळणासाठी पोकळ झाडांवर पडणारी कुऱ्हाड, यांमुळे पायथ्याकडचे विरळ जंगल आक्रसत गेले. नेमके हेच जंगल या पक्ष्याला लागते. घनदाट, देखण्या वनाच्या रक्षणात अशा साध्या, उघड्यावाघड्या जंगलाकडे दुर्लक्ष होते. भर म्हणून घुबडाविषयीच्या अंधश्रद्धा आहेतच. घुबडाचे ओरडणे अशुभ मानून त्याला दगड मारणे, गलोलीने टिपणे किंवा जादूटोण्यासाठी पकडणे, हे प्रकार आपल्याकडे अद्याप पुरते थांबलेले नाहीत. सातपुड्यातील भिल्ल व पावरा, मेळघाटातील कोरकू ही माणसे या जंगलात पिढ्यान् पिढ्या राहतात. कोणते झाड पोकळ आहे आणि कोणत्या ढोलीत काय आहे, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. त्यांना सोबत घेतल्याखेरीज संवर्धनाची कोणतीही योजना कागदाबाहेर येणार नाही.

पाहायला जाणाऱ्यांनी पाळावयाची पथ्ये साधी आहेत. वन विभागाच्या परवानगीने आणि स्थानिक वाटाड्यासोबतच जावे. मुद्रित आवाज वाजवू नये. ढोलीपासून लांब राहावे आणि पक्षी एकटक आपल्याकडेच पाहू लागला, की मागे फिरावे. घरट्याचे नेमके ठिकाण चारचौघांत जाहीर करू नये.

धारूरच्या निरीक्षकांसाठी

आता पुन्हा बालाघाटकडे. येथे रानपिंगळा दिसेल, या आशेने किल्ल्याची चढण चढण्याचे कारण नाही. परंतु मराठवाड्यातील पक्ष्यांच्या नोंदी पश्चिम महाराष्ट्र वा विदर्भाच्या तुलनेत विरळ आहेत. पैठणच्या जायकवाडी जलाशयावर दर हिवाळ्यात गर्दी होते. १९८६ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या या ठिकाणी पट्टकादंब, रोहित आणि बदके पाहण्यासाठी दुरून लोक येतात. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातील नायगावचे मयूर अभयारण्य प्रसिद्ध आहे. मात्र धारूरचा घाट, सीताफळांच्या झाडीने भरलेले डोंगरउतार, किल्ल्याची तटबंदी आणि माजलगावच्या धरणाचा काठ अशा ठिकाणच्या सलग नोंदी तेथे राहणाऱ्या माणसानेच करायच्या असतात. बाहेरून आलेला निरीक्षक एका सकाळचा पाहुणा असतो.

अशी नोंदवही ठेवायला विशेष साधनांची गरज नाही. तारीख, वेळ, नेमके ठिकाण, किती पक्षी, काय करीत होते आणि ओळख कोणत्या खुणेवरून पटली, एवढे लिहिले तरी पुरे. ओळख पटली नाही, तर तसे स्पष्ट लिहावे. तीही उपयुक्त नोंद असते. स्वतः न पाहिलेला पक्षी दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपल्या नावावर लिहू नये. ‘ई-बर्ड’सारख्या खुल्या माहितीकोशात नोंदी टाकल्यास जाणकार त्या तपासतात आणि त्या अभ्यासकांपर्यंत पोहोचतात. राज्य सरकारच्या २०२० मधील निर्णयानुसार ५ ते १२ नोव्हेंबर हा काळ ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा होतो. यातील पहिला दिवस अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या, तर अखेरचा डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिनाचा. चितमपल्ली यांचे जून २०२५ मध्ये निधन झाले. पक्ष्यांची मराठी नावे लोकांकडून गोळा करून ती ग्रंथबद्ध करण्यात त्यांचा वाटा मोठा होता. शाळा-महाविद्यालयांना गावाची पक्षिसूची सुरू करण्यासाठी हा सप्ताह सोयीचा आहे.

एकाच पक्ष्याविषयी दोन अधिकाऱ्यांच्या चिठ्ठ्या मागे राहिल्या. माइनर्ट्झहागेन यांच्या चिठ्ठीने अभ्यासकांना अनेक दशके चुकीच्या गावाकडे पाहायला लावले. डेव्हिडसन यांच्या चिठ्ठ्यांनी ११३ वर्षांनंतर तिघांना बरोबर त्या टेकड्यांपर्यंत आणून सोडले. धारूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने आज वहीत लिहिलेली साध्या पिंगळ्याची नोंदही उद्या कोणासाठी अशीच वाटाड्या ठरू शकते. अट एवढीच, की ती खरी असावी.